माठाचं पाणी आणि मिशीवाले मासे

माझ्या नवऱ्याला दूरचं नीट दिसत नाही, हे माझ्या आधी त्यांच्या ड्रायव्हरसाहेबांना कळलं. मी शिकलेली नर्स, शिरूरच्या मिशन दवाखान्यात चार वर्षं काढलेली. तरी घरातल्याच माणसाचे डोळे मला ओळखता आले नाहीत, याची बोच मला पुढं कितीतरी दिवस होती.

लग्न होऊन मी दौंडला रेल्वेच्या चाळीत आले, तेव्हा एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं. हे फायरमन होते. इंजिनात कोळसा टाकणं हे त्यांचं काम होतंच, पण तेवढंच नव्हतं. पुढचा सिग्नल आधी फायरमननं बघून ओरडून सांगायचा आणि मग ड्रायव्हरनं तो बघायचा, अशी रीत होती. ह्यांचे ड्रायव्हरसाहेब अँग्लो-इंडियन होते. उंच, लाल तोंडाचे, हिंदी स्वतःच्या पद्धतीनं बोलणारे. सहा वर्षं हे त्यांच्याच इंजिनावर होते आणि आता ड्रायव्हरच्या परीक्षेला बसणार होते.

एका धुकट सकाळी मालगाडी घेऊन येताना हे ओरडले, "पडला!" म्हणजे सिग्नल पडला, रस्ता मोकळा आहे. साहेबांनी बाहेर वाकून बघितलं आणि जोरात ब्रेक लावला. सिग्नल पडलेला नव्हता. गाडी वेळेत थांबली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. साहेबांनी गाडी दौंडला आणली. इंजिनांच्या शेडमध्ये हात धुताना त्यांनी विचारलं, "कितना दिन से नहीं दिखता, मॅन?"

हे हात चोळून धूत राहिले.

"तुम खुद डॉक्टर के पास जाएगा, या मैं लिखेगा?"

हे स्वतः गेले. रेल्वेच्या डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि वरच्या दोन ओळींनंतर ह्यांना थांबावं लागलं. त्या दिवसापासून इंजिनाचं काम बंद झालं. ह्यांना शेडच्या स्टोअरमध्ये बसवलं. तेल द्यायचं, पुसायच्या चिंध्या द्यायच्या, कंदिलाच्या वाती द्यायच्या. डोळ्यांना जाड चष्मा लागला.

घरी आल्यावर हे भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. मी एकदाच बोलले, "साहेबांचं बरोबरच होतं की. गाडी आदळली असती तर?"

"त्यांनी मला खाली उतरवलं," हे म्हणाले. "सहा वर्षं मी त्यांचं इंजिन तापवलं."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. पुढं महिनाभर आमच्यात पाणी तापलं का, कपडे वाळले का, एवढंच बोलणं होतं. साहेब रस्त्यात दिसले तर हे दुसऱ्या बाजूनं जायचे. रविवारी चर्चमध्ये उपासनेला यायचे, पण मागच्या बाकावर बसायचे आणि शेवटचं गीत संपायच्या आत उठायचे. आधी हे मोठ्या आवाजात गायचे. आता नुसतं पुस्तक हातात धरायचे.

मार्च महिन्यात कळलं की साहेब रिटायर झाले आणि बाईसाहेबांना घेऊन ऑस्ट्रेलियाला चालले, मुलीकडं. निघायच्या आधी ते आमच्या चाळीत आले. दारात त्यांचा आवाज ऐकताच हे मागच्या दारानं निघून गेले. साहेबांना ते कळलं. खुर्ची त्यांच्या उंचीला पुरत नव्हती, तरी बसले आणि माझ्या हातचा चहा प्यायले. मग म्हणाले, "उसको बोलो, मेरा फिश टँक उसके लिए है. बाकी सब मैंने बेच दिया. वो नहीं बेचा."

मी म्हटलं, ते घेणार नाहीत.

"तो तुम ले लो," ते म्हणाले. "मेरे घर आता था तो आधा घंटा उसके सामने बैठता था. दूसरा कोई नहीं बैठता." दाराशी गेल्यावर पुन्हा वळले. "तीन साल हुआ, अंडा नहीं दिया. बंबई का दुकानवाला बोला, इधर नहीं देगा. मैं बोलता है, देगा."

दुसऱ्या दिवशी दोन हमाल हातगाडीवर टाकी घेऊन आले. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवलेल्या, सांध्यांना पुट्टी भरलेली. लांबीनं माझ्या शिवणयंत्राएवढी. तिच्यासोबत झाकणाच्या बादलीत सहा मासे होते.

माझी आधी निराशाच झाली. मला वाटलं होतं, लाल-सोनेरी काही असेल. हे मासे बोटाच्या दोन पेरांएवढे, मळक्या तांब्याच्या रंगाचे, पोटाशी सपाट. तोंडाभोवती बारीक मिशा आणि अंगावर खवल्यांऐवजी कौलं एकावर एक चढवावीत तशा कडक पट्ट्या. साहेब त्यांना कॅटफिश म्हणत. आमच्या भीमेत शिंगटा मासा मिळतो, तोही मिशीवाला, पण तो हातभर होतो आणि कालवणात जातो. हे मासे तळाची वाळू हुंगत फिरायचे आणि मधूनच एखादा सरळ वर झेपावून हवेचा एक घोट घेऊन परत खाली जायचा.

संध्याकाळी हे घरी आले. टाकी बघितली.

"परत पाठव."

"कुणाकडं? त्यांची खोली रिकामी झाली. उद्या सकाळी जाणारेत."

"मग बाहेर ठेव."

बाहेर ऊन होतं. मी काही ऐकलं नाही. शेजारणीच्या मदतीनं टाकी पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवली, नळाचं पाणी भरलं आणि सहा मासे आत सोडले. ह्यांनी ट्रंकेकडं पाठ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब गेले. हे स्टेशनवर गेले नाहीत.

आठ-दहा दिवस गेले असतील. मी टाकीत भाकरीचा चुरा टाकत होते, तर ह्यांचा आवाज आला, "एवढं टाकू नको. पाणी नासतं." मी चुऱ्याचं ताट खाली ठेवलं. दोन दिवसांनी दुपारी बाजारातून परतले, तर हे टाकीसमोर उकिडवे बसलेले. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला आणि नाक काचेला लागेल एवढं जवळ.

"चष्मा काढून काय दिसतंय?" मी विचारलं.

"जवळचं सगळं दिसतं," हे म्हणाले. "चष्म्यानं उलट कमी दिसतं. हिच्या डाव्या मिशीचं टोक तुटलंय, बघ."

मी वाकले. मला मासाच धड दिसेना, मिशीचं टोक कुठलं! ह्यांनी बोट लावून दाखवलं, ही मोठी, पोट गोल, ही मादी. दोन माद्या, चार नर. नर बारीक, पाठीवरचा पर, म्हणजे पंख, टोकदार. हे पुष्कळ वेळ बोलत होते. चार महिन्यांत एवढं बोललं नव्हतं हे माणूस. मला चूल पेटवायची होती, पण मी तिथंच भिंतीला टेकून ऐकत राहिले.

मग एप्रिल आला. दौंडचा उन्हाळा ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. चाळीच्या पत्र्याखाली दुपारी हात लावावा ती वस्तू गरम. टाकीचं पाणीही कोमट झालं. मासे सारखे वर येऊन तोंड उघडू लागले, आणि एक नर सकाळी वाळूवर आडवा पडलेला सापडला.

हे शेडला गेले होते. उरलेले पाच तसेच धापा टाकत होते. दवाखान्यात ताप चढलेला रोगी आला की आम्ही पहिलं काम कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवायचं करायचो. माशाचं कपाळ कुठं शोधायचं? मी टाकीतलं निम्मं पाणी तांब्यानं काढलं आणि माठातलं गार पाणी हळूहळू ओतलं. अख्खा माठ रिता केला. मासे खाली गेले आणि शांत झाले.

हे घरी आले आणि प्यायला पाणी नाही म्हटल्यावर माझ्याकडं बघत राहिले.

"माठातलं पाणी माशांना घातलं?"

"मरत होते."

"आणि एकदम गार घातलंस? सगळेच मरतील आता."

त्यांचंही खरं होतं, एवढं गार पाणी एकदम सोसलंच असतं असं नाही. शेजारून पाणी मागून आणलं आणि आम्ही जेवलो. मला धाकधूक होती.

दुसरा दिवस रविवार. मी उपासनेला जायची पांढरी साडी नेसत होते, तेवढ्यात ह्यांनी हाक मारली. तशी हाक मी त्या घरात ऐकलीच नव्हती. "अगं ये! इकडं ये लवकर!"

टाकीत धांदल उडाली होती. तिन्ही नर मोठ्या मादीच्या मागं लागले होते, काचेवरून वर, पुन्हा खाली, तिच्या पाठीवरून, पोटाखालून. मग ती थांबली. एक नर तिच्या तोंडासमोर आडवा झाला. "बघ, बघ," हे पुटपुटले, "तिनं पोटाखालचे दोन्ही पर जुळवलेत. ओंजळ करावी तसे." त्या ओंजळीत दोन अंडी होती. ती घेऊन मादी काचेकडं गेली, तोंडानं काच चाचपली, पोट काचेला टेकवलं आणि वर निघून गेली. अंडी तिथं चिकटलेली. साबुदाण्याच्या कणीएवढी, पारदर्शक.

असं ती पुन्हा पुन्हा करत राहिली. आम्ही दोघं जमिनीवर बसून होतो. माझी पांढरी साडी चुरगळली. उपासनेची घंटा वाजली ती ऐकू आली, पण उठलो नाही.

साडेअकराच्या सुमाराला चर्चचे पाळकसाहेब विचारपूस करायला दारात आले. "सलाम. दोघंही आला नाहीत, म्हटलं कुणी आजारी आहे की काय."

ह्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, "पाळकसाहेब, चप्पल काढा आणि आत या. पायाचा आवाज करू नका."

पाळकसाहेब आत आले आणि आमच्याशेजारी बसले. तासभर बसले. जाताना एवढंच म्हणाले, "आजचा माझा उपदेश याच्यापेक्षा बरा नव्हता."

हे सगळं सांगायला सोपं आहे. पण त्यातलं एकही अंडं जगलं नाही. दुपारपर्यंत निम्मी अंडी त्याच माशांनी गिळली. ती अंडी घातलेल्या मादीनंसुद्धा खाल्ली. उरलेल्यांवर तिसऱ्या दिवशी बुरशीचा पांढरा कापूस धरला आणि तो एकावरून दुसऱ्यावर पसरत गेला. पाचव्या दिवशी काचेवर नुसते पांढरे ठिपके उरले. हे ते ठिपके ओल्या फडक्यानं पुसत होते. मला वाटलं, झालं, आता पुन्हा भिंतीकडं तोंड.

पण ते फडकं पिळता पिळता म्हणाले, "पाणी गार घातलं म्हणून अंडी घातली. म्हणजे पुन्हा घालतील. प्रश्न कापसाचा आहे."

तो कापूस मी आधी कुठंतरी बघितला होता. विचार करता करता आठवलं. तान्ह्या बाळाचं तोंड येतं, तेव्हा जिभेवर अगदी तसंच पांढरं धरतं. दवाखान्यात आम्ही त्यावर निळं औषध लावायचो. माशाच्या अंड्याला ते चालेल की नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण विचारून बघायला हरकत नव्हती. मी शनिवारची एसटी धरून माहेरी शिरूरला गेले.

माझे वडील, आबा, मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. आई मी लहान असतानाच गेली होती. आबांना जावयाचं इंजिन सुटल्याचं फार लागलं होतं. तेव्हापासून ते दौंडला आले नव्हते.

"कसे हायत जावईबापू?" त्यांनी रंधा बाजूला ठेवत विचारलं.

मी माशांचं सगळं सांगितलं. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी तू माशाला औषध न्यायला इतक्या लांब आलीस?"

"व्हय."

"आन् ते बोलत्यात आता?"

"बोलतात, आबा. सारखे बोलतात."

आबा उठले, हात झटकले. "चल दवाखान्यात. मी बी येतो."

दवाखान्यातले जुने कंपाउंडर मला ओळखणारे. त्यांनी निळ्या औषधाची छोटी बाटली भरून दिली आणि बजावलं, "थेंबानं घाल. पाणी आभाळाएवढं निळं झालं की बास." सलाईनची एक जुनी रबरी नळीही मी मागून घेतली, तळाची घाण ओढून काढायला. येताना आबांनी विचारलं, "आन् पिल्लं झाली तर खात्यात काय?"

हा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. मोठे मासे गांडूळ खायचे, भाकरीचा चुरा खायचे. पण खसखशीएवढं पिल्लू काय खाणार?

आबा मला शेजारच्या मळ्यात घेऊन गेले. तिथं जनावरांना पाणी पाजायचा हौद होता, हिरवटलेला. आबांनी ओंजळभर पाणी उचलून उन्हात धरलं. त्यात पिठाच्या कणीएवढे किडे टुणटुण उड्या मारत होते. "म्या रोज बघतो हे," आबा म्हणाले. "हौदात बारकी मासळी सोडली की हे गायब व्हत्यात. म्हंजी तीच खात आसणार."

मे महिन्यात आम्ही ठरवून केलं. चार दिवस पाणी बदललं नाही, मग एका संध्याकाळी निम्मं काढून माठाचं गार पाणी थोडं थोडं घातलं. या वेळी आमच्यासाठी दुसरा माठ भरून ठेवला होता. सकाळी मादीनं अंडी घातली.

ह्यांनी त्या दिवशी शेडमधून सुट्टी मागून घेतली. तासाभरानं अंडी जरा टणक झाली, तेव्हा चष्मा काढून, बाही वर सारून, करंगळीच्या टोकानं ती एकेक काचेवरून सोडवली. मी इनॅमलचं पसरट भांडं धरून बसले होते, त्यात टाकीचंच पाणी आणि निळ्या औषधाचे थेंब. मला ती अंडी पाण्यात पडताना दिसतसुद्धा नव्हती. ह्यांना एकूणएक दिसत होतं. "चव्वेचाळीस," ते म्हणाले, "आणि एक फुटलं. फुटलं ते माझ्या हातून."

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पांढरं पडलेलं अंडं हुडकून काढणं सुरू झालं. माझ्या शिवणाच्या बिनदोऱ्याच्या सुईनं हे ते काम करायचे. एकाचा कापूस दुसऱ्याला लागू द्यायचा नाही. चौथ्या दिवशी सकाळी हे भांड्यावर वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"काय झालं?"

"अंड्यात डोळे आहेत. दोन दोन काळे डोळे. माझ्याकडं बघतायत."

संध्याकाळपर्यंत पहिलं बाहेर पडलं. शेपटी म्हणजे काचेचा केस, पोटाला पिवळी पिशवी. दोन दिवस ती पिशवीच पिल्लांचं अन्न होती. तळाशी दाटीवाटीनं एका कोपऱ्यात पडून राहायची. पिशवी संपल्यावर मी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घातला. इथं माझी चूक झाली. बलक जास्त झाला, रात्रीतून पाणी नासलं आणि सकाळी दहा-बारा पिल्लं मेलेली. मी रडले. हे म्हणाले, "तू रोग्याला पहिल्या दिवशी एवढं जेवू घालशील का?" रागावून नव्हे, खरंच विचारत होते. त्यानंतर बलक सुईच्या टोकावर बसेल एवढाच, आणि रबरी नळीनं दिवसातून दोनदा तळ साफ. काढलं तेवढंच पाणी पुन्हा घालायचं, त्याच ऊनपणाचं, हात बुडवून बघून.

आठवड्यानं आबा दौंडला आले. हातात तोंडाला फडकं बांधलेलं मडकं, हौदाच्या पाण्यानं भरलेलं. एसटीत ते मांडीवर घेऊन बसले होते. धोतराचा पुढचा भाग ओला.

हे दारात गेले. आबांनी मडकं पुढं केलं. मग आबा म्हणाले, "जावईबापू, हे धरा आदी. सांडलं तर पोरगी मला घरात घ्यायची न्हाई."

ह्यांनी मडकं दोन्ही हातांनी घेतलं. आत आणून त्यांनी चमचाभर पाणी फडक्यावर गाळलं आणि राहिलेले किडे भांड्यात सोडले. पिल्लं आता नखाच्या चंद्राएवढी झाली होती. त्यांना मिशा आल्या होत्या, हे मला ह्यांनी सांगितलं. एक पिल्लू पुढं झालं आणि उडी मारणारा किडा दिसेनासा झाला. आबांना काही दिसत नव्हतं, त्यांचे डोळे जवळच्याला अधू झालेले. "काय झालं? खाल्लं का?" ते सारखे विचारत होते, आणि हे त्यांच्या कानाशी वाकून सांगत होते, खाल्लं, आता दुसऱ्यानं, आता दोघं एकाच्या मागं लागलेत.

आबा चार दिवस राहिले. जाण्याआधी टाकीसाठी सागवानी घोडी करून गेले. माझी ट्रंक मोकळी झाली.

पावसाळा सरेपर्यंत एकोणीस पिल्लं बोटाच्या पेरभर झाली. अगदी आईबापांसारखी दिसायची, फक्त पाठीवरचा पर अंगाच्या मानानं मोठा. मोठ्या माणसाचा सदरा घातलेल्या पोरांसारखी. शेडमधली माणसं बघायला येऊ लागली. ड्रायव्हर, फिटर, कारकून. त्यातल्याच एका म्हाताऱ्या फिटरनं ह्यांना विचारलं, "एवढं बारीक दिसतं तुला? मग तू वाती काय वाटत बसलास?"

तो फिटर इंजिनांवरचे वाफेचा दाब दाखवणारे गेज उघडून दुरुस्त करायचा. आतली चाकं आणि काटे घड्याळासारखे बारीक असतात. त्याला हाताखाली माणूस हवा होता. चार दिवसांनी हे सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फोरमनकडं स्वतः गेले. तिथं काय बोलले ते मला सांगितलं नाही. दोन महिन्यांनी त्यांची बदली गेजच्या टेबलावर झाली. पुढं तेच टेबल त्यांचं झालं आणि निवृत्त होईपर्यंत राहिलं.

ज्या दिवशी ऑर्डर हातात आली, त्या दिवशी हे म्हणाले, "साहेबांचा पत्ता आहे ना तुझ्याकडं? पत्र लिही. इंग्लिशमध्ये. तुला येतं."

"काय लिहू?"

"लिही की अंडी दिली. एकोणीस जगली." मी लिहिलं. ह्यांनी शाईची दौत माझ्याजवळ सरकवली. "आणि लिही, त्या सकाळी सिग्नल पडला नव्हता. मला माहीत होतं की मला दिसत नाही. दोन महिन्यांपासून माहीत होतं. रस्ता पाठ होता, म्हणून मी अंदाजानं सांगायचो."

हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. मी ते लिहिलं. शाई वाळल्यावर ह्यांनी पत्राची घडी केली.

साहेबांचं उत्तर नाताळाच्या सुमाराला आलं. इकडं थंडी नाही, लोक नाताळात उन्हात असतात, असं लिहून पुढं लिहिलं होतं की, त्यांनाही ते आधीपासून माहीत होतं आणि दोन महिने तेही गप्प राहिले होते, म्हणून ती चूक दोघांची. खाली बाईसाहेबांनी वेगळ्या अक्षरात विचारलं होतं, मोठी मादी अजून आहे का?

मोठी मादी होती. एकोणीस आणि पाच मिळून चोवीस मासे मात्र त्या टाकीत मावत नव्हते. काही ह्यांनी शेडमधल्या लोकांना दिले, दोन पाळकसाहेबांना. आठ मासे शिरूरच्या दवाखान्यासाठी ठेवले. आबांनी तिथं व्हरांड्यात ठेवायला टाकी करवून घेतली होती.

आम्ही ते पितळी डब्यात घालून एसटीनं निघालो. झाकण अर्धं उघडं ठेवावं लागत होतं. कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय हाय बाई?"

"मासे."

"सुकट?"

"जिवंत," हे म्हणाले.

कंडक्टरनं वाकून आत बघितलं. तेवढ्यात एक मासा वर झेपावला आणि त्याच्या तोंडावर थेंब उडाले. सगळी गाडी हसली. त्यानं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "दमानं घे रं, हितं पाण्यातली पाशिंजरं हायती!" खड्डा आला की पुढची माणसं मागं वळून विचारायची, बरे हायत का?

दवाखान्याच्या व्हरांड्यात टाकी मांडून होईपर्यंत दुपार झाली. मासे नव्या वाळूत तोंड खुपसू लागले. बाकावर एक बाई बसली होती, भाजीच्या मळ्यातली असावी, हाताला माती. तिची मुलगी आत डॉक्टरीणबाईंकडं होती. ती बराच वेळ टाकीकडं बघत होती.

"खायाचे न्हाईत का हे?" तिनं ह्यांना विचारलं.

"नाहीत."

"मग?"

हे काचेशी वाकले. "ह्यांची अंडी बघितली का कधी?" त्यांनी विचारलं.

"माशाची? न्हाई बा."

हे तिच्या समोर जमिनीवर बसले आणि ओंजळ करून दाखवू लागले, मादी अंडी अशी धरते, अशी काच चाचपते. बाई पदर सावरून पुढं सरकली. आणखी दोन-तीन जणं उठून आली. मी बघितलं, हे काही लवकर उठत नाहीत आणि परतीची एसटी तासाभरात होती. मग मी आबांच्या घराकडं निघाले, दोन माणसं मुक्कामाला आहेत हे सांगायला.